सुभद्राकाकींचा इन्व्हर्टर

मालवणच्या किनाऱ्यावरच्या त्या वाडीत लाइट गेली की माणसं आधी वायरमनला फोन लावत, तो उचलत नाही असं दिसलं की चपला पायांत सरकवत आणि सरळ सुभद्राकाकींच्या पडवीत येऊन बसत. कारण तिथे टीव्ही चालू असे. टीव्ही आणि इंटरनेट एकाच वायरीवरून यायचं आणि काकींच्या घरी इन्व्हर्टर होता, त्यामुळे बाकी वाडी काळोखात बुडालेली असली तरी काकींच्या पडवीत बातम्या, मालिका, क्रिकेट सगळं बिनघोर सुरू. अशा वेळी काकी दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘बसा, बसा’ म्हणत, आणि त्या म्हणण्यात जो तोरा असे तो एखाद्या देवस्थानच्या मानकऱ्यालाही जमला नसता.

इन्व्हर्टर मुलाने, सुदेशने, घेऊन दिला होता. सुदेश मालवाहू जहाजावर कामाला. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा त्याने आईसाठी साडी आणली नाही, हा इन्व्हर्टर बसवला. काकींची ही हकिकत वाडीत सगळ्यांना सांगून झाली होती, आणि नवा पोस्टमन आला तेव्हा त्यालाही बोलावून सांगितली. बॅटरीत पाणी घालायचं काम त्या स्वतः करत. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

सुदेश परत जहाजावर गेला तेव्हा त्याच्या बायकोने, दिव्याने, पुण्यातली भाड्याची खोली सोडली आणि ती थोडे दिवस म्हणून सासरी राहायला आली. मूळची धामापूरची पोर. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. आतल्या खोलीत टेबल मांडून तिने घरूनच काम सुरू केलं. थोड्या दिवसांचे महिने झाले. घरात तिसऱ्या माणसाचा वावर सुरू झाल्यापासून सुभद्राकाकींना सकाळी उठायला हुरूप वाटू लागला होता, पण हे त्या कुणापाशी बोलल्या नाहीत. मुलगा, इन्व्हर्टर, आंब्याची कलमं यांचं कौतुक तोंडावर असे, सुनेचं कौतुक मात्र काकी पोटातच ठेवत.

अशात कंपनीने सगळ्यांना पुण्याला परत यायला सांगितलं. दिव्याने साहेबाला विनवलं. साहेब म्हणाला, परदेशातल्या ग्राहकाबरोबर संध्याकाळी ज्या मीटिंगा होतात त्या गावातून न तुटता चालवून दाखव, मग राहा तिकडेच.

पहिलीच मीटिंग तुटली, आणि ती घरच्याच माणसाने तोडली. काकींचे यजमान दत्ताराम म्हणजे आयुष्य समुद्रावर होडी हाकण्यात काढलेले तांडेल. काही वर्षांपूर्वी शेजारच्या माडावर वीज पडली होती आणि अर्ध्या वाडीचे टीव्ही जळून गेले होते. तेव्हापासून आभाळात पहिला गडगडाट झाला की दत्ताराम उठत आणि अंगणातले पापड पावसाआधी गोळा करावेत तसे घरभर फिरून प्लग काढत. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सगळं. वाडीतली सगळीच जुनी माणसं असं करायची. त्या संध्याकाळी त्यांनी सवयीने इन्व्हर्टर बंद केला, नेटच्या डब्याचीही वायर ओढली आणि समाधानाने खुर्चीत येऊन बसले. आत दिव्या अर्ध्या वाक्यात अडकली. रात्री ती धड जेवली नाही.

साहेबाने आणखी एक संधी दिली, पण ही शेवटची असं बजावून. काकींनी त्यानंतर नवऱ्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढत, पण बोलत त्या आमटीच्या भांड्याशी.

दत्तारामही मनात खजील झाले होते. दुसऱ्या दिवशी ते इन्व्हर्टरसमोर स्टूल घेऊन बसले आणि कुठली वायर कुठे जाते ते बराच वेळ बघत राहिले. मग सुनेला हाक मारली.

“वादळात होडी धक्क्याक बांधून ठेवलंस तर आपटान फुटता,” ते म्हणाले. “दोर सोडूचो. मगे ती आपल्या बळार तरता. ह्येचो भिंतीतलो प्लग तेवढो काढलंय तर?”

दिव्याला ते पटलं. वीज घरात शिरते ती लाइटच्या तारेतून. नेटची वायर काचेची, तिच्यातून करंट येत नाही. भिंतीतला एक प्लग काढला की बाहेरच्या तारांशी संबंध संपला, आणि आतलं सगळं बॅटरीवर चालू. तिने इलेक्ट्रिशियन लवूलाही फोन करून विचारलं. तो म्हणाला, बरोबर आहे, फक्त मग बॅटरीत आहे तेवढंच तुमचं, ते जपून वापरा. जपून वापरण्याचं काकींनी ऐकलं, पण तेव्हा त्यांचा सगळा जीव नवऱ्याच्या हाताकडे लागला होता. बॅटरीचा त्यांना भरवसा होता.

मीटिंगच्या दिवशी दुपार कलली आणि ओरोसच्या बाजूला आभाळ काळं झालं. परतीचा पाऊस असाच येतो, समुद्राकडून नव्हे, डोंगराकडून. दिव्या आत बसली, दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने लाइट गेली. इन्व्हर्टरने एक आचका दिला आणि घर पुन्हा चालू झालं. मग गडगडाट झाला. दत्ताराम उठले. काकी पदर खोचून त्यांच्या मागोमाग गेल्या. दत्तारामांनी भिंतीतला तो एकच प्लग काढला, हातात उंच धरून बायकोला दाखवला आणि परत खुर्चीत येऊन बसले. आतून दिव्याचा आवाज तसाच येत राहिला. काकी त्या दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या. बरां झाला, म्हणाल्या.

एवढ्यात माणसं यायला लागली. सगळ्यांत पुढे शेजारच्या काशीबाई, दोन नातवंडांना घेऊन. त्यांच्या मागून आणखी चारपाच जणी. मालिकेत त्या दिवशी लग्न होतं. गणपतीच्या आधीपासून आज होणार, उद्या होणार म्हणून लांबत गेलेलं ते लग्न एकदाचं लागणार होतं. काकींनीही त्यासाठी कामं लवकर उरकली होती. त्यांनी सगळ्यांना बसवलं, टीव्ही लावला. उकाडा मरणाचा, म्हणून दोन्ही पंखे लावले. पडवी भरली, तशा काकीही फुलल्या. कुणीतरी म्हणालं, सुभद्रेच्या घरी आलं की लाइट गेलीय असं वाटतच नाही. काकींनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पंखा आणखी वाढवला.

इन्व्हर्टर पीं करून वाजला.

वाजण्याचा अर्थ काकींना चांगला ठाऊक होता. बॅटरी उतरायला लागली होती. एरवी वाजला तर त्या म्हणत, वाजूदे मेला. पण आज आत दिव्या बोलत होती, मध्येच उठून बाहेर येणं तिला शक्य नव्हतं, आणि तिचं पुण्याला जाणं की राहणं त्या डब्यातल्या उरल्यासुरल्या करंटवर आलं होतं. काकी उठल्या. त्यांनी पंखे बंद केले. काशीबाई पदराने वारा घ्यायला लागल्या. मग काकींनी पडवीतला दिवा बंद केला. इन्व्हर्टर पुन्हा वाजला.

आता टीव्ही उरला. पडद्यावर नवरी हातात हार घेऊन उभी होती. आलेल्या माणसासमोरचा टीव्ही बंद करणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढ्यातलं पान उचलण्यासारखं. काकींनी असं कधी केलं नव्हतं. शिवाय समोर काशीबाई, जिच्या तोंडी लागलेली गोष्ट सकाळपर्यंत वाडीच्या टोकाला पोचायची. सुभद्रेच्या इन्व्हर्टरने मान टाकली, असंच ती सांगणार. इतक्या वर्षांचा दिमाख एका संध्याकाळी जाणार, हे काकींना कळत होतं आणि ते त्यांना लागतही होतं.

दत्तारामांनी बायकोचा चेहरा बघितला. “मी बंद करू?” त्यांनी हळूच विचारलं.

“नको. माणसां माज्या घराक इलीसत. मीच सांगतंय.”

काकी टीव्हीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी बटण दाबलं. पडवी काळोखी झाली. नातवंडांनी गलका केला.

“रागावू नको गो कोण,” काकी म्हणाल्या. “सून कामाक बसली आसा. आज मीटिंग तुटली तर तिका पुण्याक जावचा लागतला. माका तिका धाडूची नाय. माज्या घराक होयी ती.”

काकींनी सुनेबद्दल इतकं बोललेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दत्तारामांनीसुद्धा नव्हतं.

काशीबाईंनी पदर सारखा केला. “मगे आधी सांगूचा नाय?” म्हणाल्या, आणि नातवाच्या पाठीत हलकासा धपाटा घालून त्याला गप्प बसवलं.

बाहेर पाऊस कोसळत होता, त्यामुळे कुणाला घरी जाता येईना. सगळ्या काळोखात बसून राहिल्या. लोटलेल्या दारामागून दिव्याचा आवाज येत होता. इंग्रजीत ती काहीतरी समजावून सांगत होती, पलीकडचा कुणी विचारायचा, ती उत्तर द्यायची. ढग गडगडले की क्षणभर थांबायची आणि तिथूनच पुढे बोलायची. पडवीत कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मघा लग्नाकडे लावले होते तसे सगळ्यांनी आता तिकडे कान लावले.

“काय सांगता गो ती?” काशीबाईंनी कुजबुजत विचारलं.

“माका काय कळता?” काकी म्हणाल्या. “पण अडकना नाय बघ खंय.”

त्यांना तोंडावर हात धरून हसावंसं वाटलं, आणि डोळ्यांतही पाणी आलं. काळोख होता म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.

दार उघडलं तेव्हा पाऊस ओसरला होता. दिव्या फोनच्या उजेडात बाहेर आली आणि भरलेली काळोखी पडवी बघून दचकली. टीव्ही बंद, पंखे बंद, आणि लग्न बघायला आलेल्या बायका तिच्याकडे बघतायत. काय झालं असेल ते तिच्या लक्षात आलं. तिने सासूजवळ येऊन सांगितलं की मीटिंग शेवटपर्यंत नीट झाली, साहेबाने इथून काम करायला परवानगी दिली.

“ढगांचो आवाज परदेशातल्या लोकांका ऐकाक येय होतो,” ती म्हणाली. “इचारल्यानी, एवढ्या वादळात तुमची लाइन तुटली कशी नाय? मी सांगलंय, बाहेर माज्या सासूबाई आसत. त्या तुटाक देवच्या नायत.”

सुभद्राकाकींनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

“मगे आता लाव गो टीव्ही,” मागून एक जण म्हणाली. “लगीन लागला काय ता तरी बघूया.”

काकी काही बोलायच्या आधी काशीबाई उठल्या. त्यांनी फोनचा टॉर्च लावला, नातवंडांना पुढे घातलं आणि पायरी उतरता उतरता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “कोण लावूचो नाय टीव्ही. लाइट येयसर बॅटरी रवांदे. दिव्याक उद्या काम आसा.”