डावीकडची लिफ्ट

हॉटेलात पाऊल टाकताच प्रत्येकाच्या मनगटाला एक नारिंगी पट्टी चिकटवण्यात आली. राहणे, तीन वेळचे जेवण, चहा-कॉफी, वाळूवरची खुर्ची असे सगळे त्या पट्टीवर मिळणार होते. जाहिरातीतला फोटो किमान वीस वर्षांपूर्वीचा असावा. पोहण्याच्या तलावाच्या निम्म्या फरश्या निखळल्या होत्या, खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या बिजागऱ्या खाल्ल्या होत्या, आणि दारांवरचे पितळी आकडे एकेक करून गळत चालले होते. बाबांना आणि त्यांच्या धाकट्या लेकीला मिळालेली खोली होती तीनशे बारा, पण दारावर नुसते बारा उरले होते. शेजारच्या तीनशे तेरामध्ये दादा आणि वहिनी होते, आणि त्यांचा तर एकही आकडा शिल्लक नव्हता.

सुट्टी हे निमित्त होते. आईला जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून बाबा एकटे राहत होते, आणि गेल्या महिन्यात दोनदा शेगडी चालू राहिली होती. दादाने एका वृद्धनिवासात खोली पाहून ठेवली होती आणि शनिवारी दुपारपर्यंत ती राखून ठेवण्याचे तिथल्या बाईंनी कबूल केले होते. तोवर बाबांना जवळून बघायचे आणि ठरवायचे. नाही जमत असे दिसले, तर घराला कुलूप.

बघण्याचे काम धाकटीकडे आले. ती एका प्रयोगशाळेत तापमापक तपासत असे. कोणता किती चुकतो ते मोजायचे आणि तसे प्रमाणपत्र द्यायचे, हे ती एकोणीस वर्षे करत होती. दादा तिला लहानपणापासून मोजपट्टी म्हणे.

"मोजपट्टे, तू म्हणशील ते फायनल," तो सामान उतरवताना म्हणाला होता. "माझं मन मध्ये येतं. तुझं येत नाही."

हे कौतुक की टोमणा, याचा छडा लावायला तिच्या अंगात त्राण नव्हते. तिने वही काढली.

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी स्वागतकक्षातून फोन आला. "तुमचे वडील दुसऱ्या मजल्यावर उभे आहेत." ती जिन्याने उतरून गेली. एका परक्या बारा नंबरच्या दारासमोर बाबा हातात किल्ली धरून शांतपणे उभे होते.

"किल्ली लागत नाही गं," ते म्हणाले.

"बाबा, आपण वरच्या मजल्यावर."

"असं होय," ते म्हणाले, आणि तिच्या हातातल्या वहीकडे त्यांनी जरा जास्त वेळ पाहिले.

बुधवारी हेच दोनदा घडले. शिवाय बाबांची पट्टी हरवली. कुठे, ते त्यांना सांगता येईना. पट्टी नाही म्हणून वाढप्याने त्यांच्या हातातली बशी काढून घेतली, तेव्हा दादाचा चेहरा असा उतरला की धाकटीने नोंद करताना मान वर केली नाही. संध्याकाळी यंत्रातून चहा आणायला गेलेले बाबा कॉफी घेऊन आले आणि अवाक्षर न काढता ती प्यायले. जन्मात त्यांनी कॉफीला हात लावला नव्हता.

गुरुवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर बाबा पावाला लोणी लावता लावता म्हणाले, "आई झोपलीय अजून. तिला उठवू नका. मी नेतो वर तिचा चहा."

वहिनीचा चमचा कपाला लागून वाजला. दादाने समुद्राकडे तोंड फिरवले. बाबांनी लोणी लावलेला पाव बशीत तसाच ठेवून दिला.

जेवणानंतर दादाने धाकटीला बाजूला घेतले. "अजून काय बघायचं राहिलंय?"

"शनिवार दुपार म्हणालास ना?"

"तुला उत्तर माहीत आहे."

तिला माहीत होते. वहीत सहा नोंदी होत्या आणि सहाही एकाच दिशेने बोट दाखवत होत्या. असा सुसंगत निकाल प्रयोगशाळेत हाती आला असता, तर तिला आधी संशय आला असता. इथे तिला फक्त झोप आली.

शुक्रवारी दुपारी ती ओले टॉवेल घेऊन किनाऱ्यावरून परतली. उजवीकडची लिफ्ट पुसायला घेतली होती. डावीकडच्या लिफ्टला कुबट वास येतो असा निवाडा वहिनीने पहिल्याच दिवशी दिल्यामुळे तिघांपैकी कोणी तिच्यात पाऊल ठेवले नव्हते. बाबा मात्र तिनेच जात, कारण ती स्वागतकक्षातल्या जुन्या वायुभारमापकाच्या कोपऱ्याला लागून होती. बाबांनी एकतीस वर्षे हवामान केंद्रात नोंदी घेतल्या होत्या. भिंतीवरचे बंद पडलेले वायुभारमापकही ते सकाळ-संध्याकाळ वाचून येत.

धाकटीने तीनचे बटण दाबले. मजला दाखवणारा दिवा मेलेला होता. दार उघडले, ती उजवीकडे वळली, बाराच्या दाराला किल्ली लावली. लागेना. तिने किल्ली उलटी करून पाहिली, दार खांद्याने रेटून पाहिले. आतून दार उघडले. एका गालावर साबणाचा फेस असलेला गृहस्थ समोर उभा होता.

"या," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "आठवड्यात तुम्ही नवव्या. एक आजोबा तर रोज येतात. फार सभ्य हो. दार वाजवत नाहीत, नुसते उभे राहतात."

कोपऱ्यात चादरी मोजत बसलेल्या सफाईच्या बाईंनी मान न उचलता खुलासा केला. "डावी एक मजला कमी जाते, ताई. तिची बटणं मागच्या इमारतीतली आहेत. तिकडे तळमजल्यालाच एक म्हणतात."

"मग तसं लिहून का नाही ठेवलं?"

"ठेवलं होतं की. पडली चिठ्ठी."

"कधी?"

"झालं असेल वर्ष."

धाकटी टॉवेल मांडीवर घेऊन जिन्यात बसली. कोणतेही तापमापक हाती घेतले की ते आधी वितळत्या बर्फात बुडवायचे, शून्य दाखवते का पाहायचे, मगच पुढचे. एवढी साधी गोष्ट ती नव्या मुलींच्या डोक्यात वर्षानुवर्षे भरत आली होती. इथे चार दिवस तिने बाबांना मोजले होते, आणि ज्या हॉटेलात मोजले ते एकदाही तपासले नव्हते. ती उठून चहाच्या यंत्राशी गेली. बटणांवरची अक्षरे पार पुसली गेली होती. डावे बटण दाबल्यावर कॉफी आली. स्वागतकक्षातल्या मुलीने विचारण्याआधीच सांगितले की बारीक मनगटावरून पट्ट्या गळतात, तलावाच्या जाळीत रोज चार-पाच सापडतात.

बाबा वायुभारमापकाखालच्या खुर्चीत होते.

"बाबा, डावीकडची लिफ्ट एक मजला कमी जाते."

"हो?" त्यांनी चष्मा काढला. "मला पहिल्या दिवशी वाटलं होतं तसं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू वही घेऊन आलीस ना." ते चष्म्याची काच सदऱ्याला पुसत राहिले. "म्हटलं, हिचं कामच हे आहे. हिला चूक दिसतेय म्हणजे लिफ्ट बरोबर असणार. मीच."

बाबांनी हात पुढे केला. तिने वही दिली. त्यांनी ती पहिल्या पानापासून सावकाश वाचली, एखाद्या कनिष्ठ निरीक्षकाची वाचावी तशी.

"वेळा छान टाकल्यात," ते म्हणाले. "पण फक्त माझ्या चुका आहेत. दादाने पहिल्या दिवशी पाच जणांचं टेबल मागितलं, ते कुठे आहे?"

तिला ते आठवले. वाढप्याने पाचवी खुर्ची आणली होती, आणि ती परत न्यायला सांगण्याचे धैर्य कोणाला झाले नव्हते.

तिने खोडरबर काढला, तसे बाबा एकदम निरीक्षक झाले. "ए, खोडायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण आणि सही."

तिने दुसऱ्या मजल्याच्या तीन नोंदींवर रेघ मारली, पट्टीवर मारली, कॉफीवर मारली. पेन गुरुवारच्या नोंदीवर आले. 'आई' म्हणताना बाबांना दुसरेच कोणी म्हणायचे असेल, असे काहीतरी कारण ती शोधू लागली.

बाबांनी पेनावर बोट ठेवले.

"ही राहू दे," ते म्हणाले. "ही माझी आहे."

दादा संध्याकाळी वाळूवरच्या मोडक्या खुर्चीत फोन हातात घेऊन बसला होता. तिने त्याला सगळे सांगितले, गुरुवारसकट.

"म्हणजे काय? ठीक आहेत की नाहीत?"

"माहीत नाही. तपासणी बाद. जिथे ते राहतात तिथेच बघायला हवं, त्यांच्या शेगडीपाशी. महिनाभर तरी."

"कोण बघणार?"

"मी जाते राहायला."

"तुला रजा मिळेल? आणि खोली उद्या जाईल, मोजपट्टे. अशी परत मिळत नाही."

"जाऊ दे. लागली तर दुसरी शोधू."

"आणि त्या महिन्यात काही झालं तर?"

"तर ते मी लिहीन," ती म्हणाली. "आणि तुला सांगेन."

दादाने वृद्धनिवासातल्या बाईंना फोन लावला, आणि सभ्य माणसे नकार देताना जितके अडखळतात तितका अडखळत नकार दिला. फोन ठेवून तो म्हणाला, "पाच जणांचं टेबल मी मागितलं होतं?"

"हो."

"लिहिलंस?"

"लिहिलं."

जेवणाआधी बाबांना स्वेटर हवा होता. धाकटी त्यांच्याबरोबर निघाली. उजवीकडची लिफ्ट आता चालू होती, पण बाबा सवयीने डावीकडे वळले आणि तीही कुबट वासात शिरली. तिने मुद्दाम हात मागे ठेवला. बाबांनी बटणांवरून बोट फिरवले, क्षणभर थांबले, आणि चार दाबले.