डाव्या हाताची उपासमार

आमची ताई कातडीची डॉक्टर. हॉस्पिटलात तिला माघारी 'ठिपकेबाई' म्हणतात, ते तिच्या दंडांमुळे. तपासायला निरोगी कातडी हवी असली आणि कोणी देईना, की ती स्वतःचाच दंड पुढे करते. इवलासा तुकडा निघतो, मागे ठिपका उरतो. वीस वर्षं तिचं म्हणणं एकच: कोडाचा डाग भरून आला, तरी तो डाग पाडणाऱ्या, आपल्याच शरीरातल्या रक्षक पेशी तिथेच दबा धरून बसतात. म्हणून भरून आलेल्या कातडीलाही औषध लावत राहायचं. 'बऱ्या कातडीत काय शोधता?' म्हणून मोठमोठ्या डॉक्टरांनी तिची खिल्ली उडवली. ती त्यांना चहा पाजायची आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावायची. मी असतो तर एकेकाची खरडपट्टी काढली असती.

मी हॉटेलात वेटर, आणि कोड नेमकं माझ्या हातांवर. उपचारानं डाग भरायचे, वर्षभरात परत यायचे. आले की मालक मला गिऱ्हाइकांसमोरून उचलून आत भांड्यांकडे धाडायचा.

शेवटी ताईच्या मलमाची चाचणी निघाली. माझे डाग नुकतेच भरले होते. मी हट्टानं नाव घातलं. प्रत्येकाला दोन ट्यूब, उजव्या हाताची वेगळी, डाव्याची वेगळी. एकीत औषध, दुसरीत नुसतं साधं मलम. कशात काय, ते आम्हालाही ठाऊक नाही आणि ताईलाही नाही. तपासणी तिचा सहकारी करायचा. अंदाजही येऊ नये म्हणून ताईनं तर माझ्या हातांकडे बघणंच सोडलं. पाण्याचा ग्लास दिला तरी तिची नजर माझ्या नाकावर.

"नाकाला काही झालंय का?" मी विचारायचो.

"काही नाही. होतं तेवढंच लांब आहे."

मलम आई लावून द्यायची, कारण माझ्याकडून ट्यूब हमखास हरवते. मी तेव्हा टीव्हीत डोकं घालून बसलेला असायचो. हिवाळ्यात डाव्या हातावर पांढरा ठिपका उठला आणि मला मालकाची भांडी दिसायला लागली. पण हळूहळू तो गेला. मी सुटलो म्हटलं.

निकालाच्या दिवशी ताई घरी आली.

"औषधाचा हात बहुतेकांचा चांगला राहिला," ती म्हणाली. "पण फरक थोडक्यात कमी पडला. तुझे तर दोन्ही हात सारखेच निघाले रे."

"सारखेच निघणार," आई म्हणाली. "डाव्यावर डाग दिसला, तेव्हापासून मी उजव्याची ट्यूब दोन्हीकडे लावतेय. एका लेकराला वाढायचं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, हे मला नाही जमत."

ताई उभीच राहिली. "आई, अगं, उजव्यातच औषध होतं!"

"मग झालं तर!" मी ओरडलो. "माझं नाव काढून टाक. निकाल तुझ्या बाजूनं."

"नाही काढता येणार. एकदा चाचणीत आला तो मोजायचा, मलम त्यानं कसंही लावलेलं असो. हा नियम मीच लिहिलाय. आज तू अडचणीचा म्हणून तुला वगळलं, तर माझ्या सोयीच्यांत कोण चुकला, ते कोण शोधणार?"

"आणि वीस वर्षं पाण्यात?"

"पाण्यात कशी? चाचणी परत करायची."

माझं डोकं फिरलं होतं, आणि त्याच क्षणी तिच्या पाया पडावंसंही वाटत होतं. असलं माणूस आपल्या घरात आहे, याचा एवढा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

आई रडवेली झाली. "माझ्यामुळे गं..."

"तुझी नाही, चूक माझी. कुठली आई एक हात उपाशी ठेवेल? हे मला आखतानाच कळायला हवं होतं. पुढच्या वेळी एका माणसाला एकच ट्यूब, औषधाची नाहीतर साधी, दोन्ही हातांना."

"चाचणी संपली ना?" मी म्हणालो. "मग आता तरी बघ."

मी दोन्ही हात पुढे केले. ताईनं ते खिडकीशी ओढले, उलटेसुलटे केले, डाव्या हातावर जिथे ठिपका उठला होता तिथे अंगठा फिरवला. तिचे डोळे भरून आले.

"किती छान भरलेत रे," ती म्हणाली, आणि हात काही सोडेना.