भोंग्याची साक्ष

"काका, मान खाली. पुन्हा वर केलीत तुम्ही."

"अगं बाई, माणसानं उशीशी तरी किती बोलायचं?"

"मग माझ्याशी बोला. पण तोंड खाली ठेवून."

डोळ्यांच्या वॉर्डातला खिडकीजवळचा हा पेशंट सगळ्यांना पुरून उरला होता. त्याचा एक डोळा फार पूर्वीच गेलेला. दुसऱ्याचा पडदा सुटला म्हणून ऑपरेशन झालं होतं आणि आत भरलेला हवेचा बुडबुडा पडद्याला टेकून राहावा म्हणून त्याला पालथं झोपवलं होतं. डोळ्यावर पट्टी, तोंड उशीत. जेवणसुद्धा मान खाली घालूनच. आवाज मात्र असा, की उशीतून बोलला तरी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा. बायको गेलेली, मुलं दूर. त्यामुळे जवळून पावलं वाजली की तो हाक मारायचा.

सकाळी त्याचा एक जुना सोबती भेटायला आला. दारातूनच ओरडला, "काय भोंग्या, शेवटी तुला पालथा पाडलाच की कुणीतरी!"

शेजारच्या पेशंटला गोळ्या देणाऱ्या सिस्टरचा हात तसाच थांबला.

भोंगा. हे नाव तिनं लहानपणी घरात इतक्यांदा ऐकलं होतं, की तो माणूस खरोखर कुठेतरी असेल, त्याला गुडघे असतील, तो खोकत असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिचे वडील कारखान्यात बॉयलरवर मिस्त्री होते. एके दिवशी बॉयलर फुटला, एका कामगाराचा हात गेला. चौकशीत फोरमन भोंग्यानं साक्ष दिली, की मिस्त्री कामावर झोपला होता. मिस्त्रींची नोकरी गेली. घरी त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, "ते झोपणं शक्यच नाही." पण तिनं, घरातल्या धाकटीनं, वडिलांना ताटावर पेंगताना पाहिलं होतं. दोन-दोन पाळ्या करून आले की घास हातातच राहायचा. विचारायची हिंमत झाली नाही, आणि मग विचारायला कुणी उरलंच नाही. तो प्रश्न मात्र माशाच्या काट्यासारखा तिच्या घशात अडकून बसला होता.

आणि आता उत्तर तिच्याच वॉर्डात पालथं पडलं होतं.

दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर ती त्याच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसली.

"कोण, सिस्टर का? बसा, बसा. तुमचे वडील काय करायचे हो?"

"असेच, कारखान्यात होते," ती म्हणाली. खोटं नव्हतं. मग तिनं अगदी सहज खडा टाकला. "तुम्हीही कारखान्यातलेच ना? अपघात वगैरे व्हायचे का तिथं?"

"एक झाला होता मोठा." उशीतला आवाज जरासा उतरला. "आमच्याकडं बॉयलरवर एक मिस्त्री होता..."

ती पुढं वाकली. "मग?"

"चांगला माणूस होता. पण काय आहे, सिस्टर..."

त्याच क्षणी तिला आई आठवली. कंदिलाची काच पुसून झाली, की आई शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय मोठ्यानं वाचायची. एकदा वाचता वाचता आलं, की आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नकोस, आपल्या देवाचं भय धर. धाकटीला हसू आलं होतं. "असं कोण ठेवेल गं आई?" आई पुस्तकावरून नजर न उचलता म्हणाली होती, "आता हा काय करतो बघू या, असं ज्याला वाटतं तो."

सिस्टर स्टुलावर ताठ बसली.

पण मनही काही कमी नव्हतं. ते म्हणालं, यात वाईट ते काय? तू कुणाला दुखवतेस का? सत्य तुम्हाला मोकळं करील, हेही शास्त्रातच आहे ना? तिला क्षणभर हायसं वाटलं. मग लगेच आठवलं, की रानात प्रभूची परीक्षा बघायला आलेल्या सैतानालाही वचनं तोंडपाठ होती. त्यानंही आधी शास्त्रच पुढं केलं होतं.

प्रभो, माझ्या तोंडावर पहारा ठेव, ती मनात म्हणाली. तरी जीभ वळवळतच होती. अजून एकच शब्द, मग थांबू. अजून एकच.

"...तर तो मिस्त्री त्या दिवशी..."

"थांबा काका!"

आवाज जरा मोठाच निघाला. "पुढं बोलू नका. आधी मी कोण आहे ते ऐका. त्या मिस्त्रींची मी धाकटी मुलगी."

बाहेर कुणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत गेलं.

"म्हणजे मघापासून तू..."

"हो. काढून घेत होते तुमच्याकडून. तुम्हाला दिसत नाही म्हणून. चुकलं माझं."

म्हातारा भिंतीकडच्या बाजूला सरकला. त्या दिवशी तो पुन्हा कुणालाही हाक मारेना. संध्याकाळच्या पाळीच्या नर्सनं विचारलं, "याला झालंय काय?" सिस्टर त्याचा चार्ट तिच्या हाती देऊन निघाली. घरी जाताना तिला स्वतःचाच राग येत होता. हाताशी आलेलं उत्तर तिनंच घालवलं होतं. चांगलं वागल्याचा आनंद बिनंद काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी बदलायला गेली, तेव्हा तो खाटेच्या कडेवर, हनुवटी छातीला टेकवून बसला होता.

"काल मी तुला सांगणार होतो, की तो झोपला होता," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज फक्त समोरच्यापुरता होता. "सगळ्यांना हेच सांगत आलोय. सांगून सांगून मलाच ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. पण मी तिथं नव्हतोच गं. मी मागं विडी ओढत बसलो होतो. साहेबांनी विचारलं, तू कुठं होतास? तर माझ्या तोंडून गेलं, तिथंच होतो, हा झोपला होता."

तिचे हात पट्टीवरच राहिले. "मग... झोपले होते की नाही?"

"देवाशपथ, मला माहीत नाही."

काटा होता तिथंच होता. फक्त तो आता एकटीचा राहिला नव्हता. मग तिनं हळूच पट्टी सोडवली, पापणी पुसली, थेंब टाकले.

"तुझा चेहरा बघू दे," तो म्हणाला आणि मान उचलायला लागला.

"वर नको, काका. बुडबुडा सरकेल."

ती खाली वाकली. तेवढ्यानं भागेना, म्हणून पांढरा गणवेश सावरून सरळ त्याच्या पायाशी फरशीवर बसली आणि तिनं आपला चेहरा वर केला.

"दिसतंय?"

"धूसर आहे. थांब जरा."

ती थांबली.