कारंज्यावर उंबराचं पाणी

मी फ्रेडी, मूळचा वसईचा, आता टोरोंटोत स्पेशल कॉन्स्टेबल. म्हणजे पगार हाउसिंग कंपनीचा आणि अधिकार पोलिसांचे. अटक करता येते, चलान फाडता येतं, फक्त बंदूक नाही. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सहा बिल्डिंगा, आणि माझं नशीब असं की चौथ्या बिल्डिंगमध्ये माझी सासू राहते.

२०१७चा जून. माझं प्रोबेशन संपायला चार दिवस उरलेले, आणि नेमकं त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मेव्हण्याचं, कॉलिनचं, उंबराचं पाणी! लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, घागर भरायची, त्या पाण्याने नवऱ्यामुलाला आंघोळ घालायची. पाणी काढायचा मान आमच्याकडे जावयाचा. मला रजा मिळेना. सासूबाई म्हणाल्या, "असू दे रे. तू ड्युटीवर जा, मी बघते." तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दुपारी वायरलेसवर तक्रार आली. चौथ्या बिल्डिंगसमोर बँड वाजतोय, पन्नास माणसांनी कारंज्याला वेढा घातलाय. माझ्याबरोबर होती सार्जंट ॲलिसन, माझा शेवटचा रिपोर्ट लिहायला आलेली.

जाऊन बघतो तर काय, दोन ट्रंपेट, एक ढोल, लुगडी नेसलेल्या बाया, आणि सगळ्यांच्या पुढे घागर घेऊन सासूबाई! टोरोंटोत विहीर कुठली, म्हणून कारंजं. मॅनेजमेंटची परवानगी काढलेली नाही. जावईच पोलीस, मग परवानगी कसली, असा त्यांचा हिशोब.

आता आमचा नियम असा, की नातेवाइकांची केस हाताळायची नाही, नातं लगेच सांगायचं. लपवलं की नोकरी गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंना ॲलिसनच्या हातातली माझ्या रिपोर्टची फाइल दिसली. नातं कळलं तर जावयाची नोकरी जाईल, असं त्यांनी ताडलं. बाई महाहुशार!

"आय डोन्ट नो दिस मॅन!" त्या ओरडल्या. कोणी विचारलंही नव्हतं हो! मागून पन्नास जणांनी री ओढली. त्यात माझी बायकोसुद्धा. रोझलिनने माझ्याकडे असं पाहिलं की आमचं लग्न झालंय याची मलाच शंका यावी.

"मग थांबलात कशासाठी?" ॲलिसनने विचारलं.

"वेटिंग फॉर सन-इन-लॉ," सासूबाई म्हणाल्या. खोटं बोलून बोलून किती बोलणार?

"कुठे आहे तो?"

बँड थांबला. सासूबाईंनी मान खाली घातली आणि घागर छातीशी धरली. डोळे भरले होते त्यांचे. माझ्या नोकरीसाठी ही बाई पोराचा सोहळा मोडायला निघाली होती. मला राहवेना.

"मॅडम," मी म्हटलं, "तो जावई मीच."

ॲलिसनने माझी नोटबुक मागून घेतली. संपलं सगळं, मला वाटलं.

"ही केस आता माझी," ती म्हणाली. "नातं स्वतःहून सांगितलंस, रिपोर्टात तसंच लिहिते. पास. तुझा लंच ब्रेक राहिलाय ना? घे. अर्धा तास तू ड्युटीवर नाहीस."

मी युनिफॉर्मचं जॅकेट काढलं, बाह्या सारल्या, कारंज्यात उतरलो आणि घागर बुडवली. बँड असा वाजला की बाल्कन्या भरल्या.

घागर भरून वर येते तोच ॲलिसनने चलानबुक उघडलं. कारंज्यात उतरायला मनाई आहे, तेव्हा लेखी ताकीद, नाव फ्रेडी. ब्रेकवर असलो म्हणून काय झालं?

"साक्षीदार कोण?" तिने विचारलं.

सासूबाई घागर डोक्यावर घेऊन पुढे झाल्या.

"मी! मी पाहिलं!" त्या म्हणाल्या. "राइट इट डाउन. माय सन-इन-लॉ. ओन्ली वन आय हॅव."