असगेरची बरणी

दुपारच्या प्रार्थनेआधी कुणाविषयी वाईट बोलायचं नाही, हे व्रत मी एकवीस वर्षं पाळते आहे. असगेर आमचा संचालक झाल्यापासून ते जड जातं.

आमच्या कारखान्यातलं यीस्ट साखर खातं आणि व्हॅनिला देतं. यीस्टचा तो वाण मी अकरा वर्षं जपला. सोमवारी मोठी टाकी उघडली, तर व्हॅनिलाचा मागमूस नाही, नुसता आंबट वास. शुक्रवारी साडेअकराला मालकांच्या वतीने विबेके येऊन बसली.

"वाण थकलाय," असगेर म्हणाला. "गुडरुनचा लाडका म्हणून किती दिवस ओढायचा? फ्रीजर रिकामा करा, सगळं वाफेत घालून मारून टाका."

"गुडरुन, तुझं काय म्हणणं?" विबेकेने विचारलं.

"बारा वाजले की सांगते."

"घ्या! आता हिचा देव निकाल देणार." असगेर हसत हसत स्वतः भाजलेला राईचा पाव कापू लागला. या पावाच्या विरजणाची बरणी महिनाभर आमच्या बीजखोलीत, जिथे टाकीसाठीचं यीस्ट वाढवतो तिथल्या उबदार कपाटात होती. घरी थंडीत फुगत नाही म्हणे. मी दोनदा बाहेर काढली, दोनदा त्याने परत ठेवली. 'यीस्टला यीस्टची सोबत!' नावामागे डॉक्टर लावणारा माणूस हा.

चर्चची घंटा झाली. मी डोळे मिटून प्रार्थना पुरी केली आणि तीन काचेच्या ताटल्या टेबलावर मांडल्या.

"ही फ्रीजरमधल्या वाणाची. माझं यीस्ट ताटलीत गुलाबी उगवतं. ही टाकीतली." तीत गुलाबी ठिपके चारच, बाकी सगळी पांढरी, सुरकुतलेली साय. "आणि ही असगेरच्या बरणीतली."

तीही तशीच पांढरी, तशीच सुरकुतलेली.

विबेकेने हातातला पाव बशीत ठेवला.

"पण वाढलंय बघ किती जोमानं," असगेर पुटपुटला.

"वाढणारच. माझं बिचारं खाल्लेल्यातलं काही व्हॅनिलासाठी खर्च करतं. तुझं काहीच करत नाही, नुसतं खातं आणि पसरतं. असल्यांनाच वर चढायला वेळ लागत नाही."

विबेकेने फ्रीजरची किल्ली माझ्यापुढे सरकवली. "मग वाफेत काय घालायचं?"

"टाकीतलं सगळं. आणि बरणी."

"तिचं नाव बोदिल आहे," असगेर कळवळून म्हणाला. वाणासाठी त्याचा आवाज असा कधी हलला नव्हता.

बोदिलला मीच नेलं. झाकण घट्ट लावून.