पलंगापासून खिडकीपर्यंत

बाई जपानी शिकवायच्या त्या घरातूनच, लॅपटॉपवर. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना सोडून उंबऱ्याबाहेर पडायची सोयच नव्हती. चालण्याचे शब्द त्या चालून दाखवत. ‘साम्पो’ म्हणजे उगाच मारलेला फेरफटका. तो शब्द आला की पलंगापासून खिडकीपर्यंत रमतगमत जायचं, वळायचं, परत यायचं. विद्यार्थी पडद्यावर हसत. बाईंचा मात्र जीव घुसमटे. कसला डोंबलाचा फेरफटका! सुरू होतो न होतो तोच खोली संपायची.

आज त्यांनी तो शब्द गाळलाच आणि तास संपताच लॅपटॉप धाडकन मिटला.

"आज साम्पो राहिला की गं," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय करायचंय त्याचं?"

"तू खिडकीपाशी जातेस ना, तेव्हा पडल्या पडल्या मीही येते तुझ्याबरोबर."