पस्तीसचं पाणी

चौतीस वर्षं दुसऱ्यांची वजनमापं तपासलेला माणूस निवृत्त झाला की त्याचं काय होतं, ते साहेबांच्या घरात राहून बघावं. साहेब आता घरच्यांना तपासत होते.

दुकानदार त्यांना पाठीमागे ‘तागडीसाहेब’ म्हणायचे. एकदा ते दुकानात शिरले की काट्याखालचं चुंबक, पोखरलेलं वजन, बुडाला मेण लावलेलं माप असं काही ना काही सापडायचंच. नाही सापडलं तर त्यांना करमायचं नाही. माणूस खोटं मोजणारच, फक्त कुठे मोजतो ते शोधायचं, एवढीच त्यांची माणसांबद्दलची समजूत होती.

त्या समजुतीतून एकच माणूस सुटला होता, ती म्हणजे त्यांची बायको. अकरा वर्षांपूर्वी तिने हट्टाने बैठकीत दीड मीटर लांबीची काचेची टाकी आणवली, समुद्राच्या पाण्याची. तिच्यात नखाएवढं जांभळं प्रवाळ आणून लावलं आणि त्याची पोटच्या पोरासारखी काळजी घेतली. मोजमाप साहेबांकडे आणि लाड तिच्याकडे, अशी वाटणी होती. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तोवर नखाएवढं प्रवाळ ताटाएवढं झालं होतं, त्याच्या आजूबाजूला आणखी वीस-बावीस जातींची बाग उभी राहिली होती. साहेब रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या बागेसमोर बसायचे. तेव्हा ते कोणावरही संशय घ्यायचे नाहीत.

आणि दोन महिन्यांपूर्वी ती बाग आठ दिवसांत मेली.

सुरुवात अशी झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेला साहेबांनी खारेपणा मोजायची नळी काढली. ही वीतभर लांबीची नळी असते. टोकाच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळी रेघ दिसते. ती पस्तीसवर असली की समुद्रासारखं पाणी. वर्षातून एकदा, त्याच महिन्यात, ते आधी नळीच तपासायचे. त्यासाठी बाजारात बरोबर पस्तीस खारेपणाच्या प्रमाण पाण्याची छोटी बाटली मिळते. तिचा थेंब टाकून रेघ पस्तीसवर आणायची, स्क्रू घट्ट करायचा, की नळी खरी झाली. बाटली बायकोनेच आणलेली होती. त्या दिवशी साहेबांनी नळी खरी केली, मग टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकला. रेघ सव्वीसवर!

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. पाणी आपोआप एवढं पातळ होत नाही. कोणीतरी नळाचं साधं पाणी ओतलेलं होतं. भेसळ, आणि तीही त्यांच्या घरात! त्यांनी दोन दिवसांत मीठ घालून पाणी पुन्हा पस्तीसवर आणलं, पण उशीर झाला होता. पाचव्या दिवशी जांभळं प्रवाळ बुडापासून पांढरं पडायला लागलं. मग एकेक करत सगळी. मासे तेवढे तगले, आणि शंखात राहणारा एक म्हातारा खेकडा. साहेबांनी मेलेले तुकडे बादलीत भरून बाहेर ठेवले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

भेसळ कोणी केली, हे त्यांनी तिसऱ्या दिवशी ठरवलं.

घरात तिघंच. ते, लेक आणि जावई. जावई एसी दुरुस्त करायचा. त्याच्या खोलीला लागून असलेल्या गॅलरीत तांब्याच्या नळ्यांची वेटोळी पडलेली असायची, आणि तांबं म्हणजे प्रवाळांचं विष. शिवाय तो सासऱ्याच्या घरात राहत होता. सासूबाई गेल्यावर ‘बाबा एकटे पडतील’ म्हणून लेकीनेच नवऱ्याला इथे आणलं होतं, पण साहेबांच्या हिशेबात तो घरजावईच. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं ते मनात म्हणायचे, आणि तोंडाने इतकं गोड बोलायचे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

“जावईबापू, हात धुतलेत ना? नाही, सहज विचारतो.”

“धुतले बाबा.”

“साबणाने?”

लेक स्वयंपाकघरातून भांडं आपटायची. ते भांडं साहेबांना ऐकू यायचं, पण ते न ऐकल्यासारखं करायचे.

साहेबांनी तांब्याची तपासणी केली, निकाल शून्य आला. प्रवाळं विकणारा दुकानदार म्हणाला, “अहो साहेब, तांबं असतं तर तुमचा खेकडा सगळ्यात आधी गेला असता. तो तर मिशा फिरवतोय!” साहेबांनी मान हलवली आणि वहीत लिहिलं : ‘दुकानदार जावयाच्या ओळखीचा. एसीचं काम तिथेही केलेलं.’

तरी त्यांनी टाकी पुन्हा उभी करायला घेतली. सगळं पाणी उपसलं, खडक घासले, वाळू बदलली. नवं पाणी आपल्या हाताने कालवलं, नळीने पस्तीस मोजून. दीड महिना नुसतंच फिरत ठेवलं. मग दुकानदाराने एक स्वस्तातलं, चिवट हिरवं प्रवाळ दिलं. “हे जगलं तर समजा टाकी जगली,” तो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी ते मिटून बसलं. साहेबांना झोप लागेना. ही त्यांची शेवटची खेप होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हिरवं गेलं तर टाकी विकायची, असं त्यांनी जाहीर केलं होतं. आणि लेकीनेही जाहीर केलं होतं, “अजून एकदा तुम्ही ह्यांना आरोपीसारखं वागवलंत, तर आम्ही दुसरं घर बघणार. मी थट्टा करत नाहीये.”

साहेबांनी ते ऐकलं, आणि टाकीच्या झाकणावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर तारीख आणि सही. नोकरीत काट्यांना लावायचे तशाच.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या जागच्या जागी होत्या. पण साहेबांचे डोळे ते. डावीकडच्या पट्टीवर सहीचा शेवटचा फराटा लाकडावरच्या रेषेशी जुळत नव्हता, केसभर सरकला होता. नळी लावली, तर पाणी तेहतीस. साहेबांचा संशय पक्का झाला. कबूल करायला हवं की त्यांना आनंदही झाला. बरोबर ठरण्याचा आनंद वाईट असतो, पण असतो.

दुपारी ते “फिरून येतो” म्हणून बाहेर पडले, जिन्यात दहा मिनिटं थांबले आणि चपला हातात घेऊन परत आले. बैठकीत जावई टाकीपाशी उभा होता. पायाशी बादली, हातात जग. जगातलं पाणी तो हळूहळू टाकीत सोडत होता.

“रंगेहाथ!” साहेब ओरडले.

जावयाच्या हातून जग निसटला नाही. त्याने तो सावकाश खाली ठेवला.

“काय ओतलंत?”

“साधं पाणी. गाळलेलं.”

“का?”

आवाज ऐकून आलेल्या लेकीकडे जावयाने एकदा पाहिलं, मग खाली मान घातली. “चुकलं,” तो म्हणाला.

“आणि दोन महिन्यांपूर्वीही तुम्हीच ओतलंत! माझ्या बायकोचं प्रवाळ मारलंत तुम्ही!”

“बाबा, पुरे!” लेक म्हणाली. “रविवारी आम्ही जातोय. खोल्या बघून ठेवल्यात.” मग नवऱ्याकडे वळून, “आणि तुम्ही! गप्प का बसता? सांगा ना काय ते.”

“काही नाही सांगण्यासारखं,” जावई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं खोक्यांसाठी बाहेर गेल्यावर साहेब गॅलरीत शिरले. पुरावा हवा होता. लेकीच्या तोंडावर फेकता येईल असा, म्हणजे ती तरी राहील. तांब्याच्या वेटोळ्यांमागे, फडताळात, त्यांना दिव्याचा निळसर उजेड दिसला. बरणी होती. आत छोटा हीटर, हवेचे बुडबुडे, आणि खडकाच्या खपलीवर उभं बोटाएवढं जांभळं प्रवाळ. त्याची सगळी टोकं उमलली होती.

साहेब बरणीसमोर खाली बसले. ते रडले. चोराच्या घरात चोरीचा माल जिवंत सापडल्यावर कोणी रडत नाही, पण ते रडले. बादलीतून उचललेला तुकडा होता तो, आणि बरणीवर जावयाच्या अक्षरात तारीखही होती. बादली बाहेर ठेवली त्याच दिवसाची.

मग त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. त्यांनी नळी आणली आणि बरणीतल्या पाण्याचा थेंब टाकला.

सव्वीस.

त्यांनी काच पुसून पुन्हा मोजलं. सव्वीसच. ज्या पाण्यात प्रवाळ मरतं म्हणून त्यांनी मीठ ओतलं होतं, त्याच पाण्यात ते उमललेलं होतं. समोरचा जिवंत जीव आणि हातातली नळी, दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. चौतीस वर्षांत साहेबांनी कुठल्याही दुकानदाराला त्याच्याच वजनाने त्याचा काटा तपासू दिला नव्हता. सरकारी वजनंसुद्धा दर वर्षी वरच्या कचेरीत तपासायला जायची. आणि प्रमाण पाण्याची बाटली? ती कोणी तपासली होती?

बाटली कपाटात होती. झाकणाला बारीक तडा होता, गेल्या वर्षीच्या तपासणीनंतर कधीतरी गेलेला. वर्षभरात पाणी थेंबाथेंबाने उडून गेलं होतं, मीठ आतच राहिलं होतं. फडताळात जावयाचं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी होतं, त्यात मीठ औषधालाही नसतं. साहेबांनी त्याचा थेंब काचेवर टाकला. रेघ शून्यावर यायला हवी होती. ती शून्याच्या खाली, पट्टीच्या बाहेर गेली होती. बाटलीतल्या जास्त खारट पाण्याला पस्तीस धरल्यामुळे नळी सगळंच नऊने कमी दाखवत होती.

कोणी भेसळ केली नव्हती. चांगल्या पाण्यात दोन दिवस मीठ ओतलं ते साहेबांनी. बायकोचं प्रवाळ त्यांनीच मारलं होतं.

दोघं खोकी घेऊन परतली तेव्हा साहेब बरणी मांडीवर घेऊन टाकीसमोर बसले होते. झाकणावरच्या पट्ट्या निघाल्या होत्या.

“जावईबापू, तुम्हाला माहीत होतं.” या वेळी आवाजात गोडवा नव्हता.

जावयाने हातातली खोकी खाली ठेवली. मग म्हणाला, “बरणीचं पाणी दुकानातून आणलं होतं. तिथे पस्तीस, तुमच्या नळीवर सव्वीस. तेव्हा कळलं. हिरवं मिटलं, म्हणून पाणी पातळ करत होतो.”

“मग बोलला का नाहीत? चोर ठरवलं मी तुम्हाला!”

“काय बोलू बाबा? आईंचं प्रवाळ तुमच्या हातून गेलं, हे तुम्हाला सांगू? माझ्यावर राग होता तोवर तुम्ही निदान वाळू धूत होतात, पाणी कालवत होतात. राग गेला असता, तर तुम्ही उठला नसतात.”

लेक नवऱ्याकडे बघत राहिली. हे तिलाही नवीन होतं.

साहेब उठले. टेबलावरची कागदाची लांब पट्टी उचलून त्यांनी टाकीच्या काचेवर, समोरच, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी चिकटवली. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं : ‘येथील माप खोटं आढळलं. जबाबदार : घरमालक.’ खाली तारीख आणि सही.

जावई पुढे झाला. “हे कशाला बाबा? काढतो मी.”

“हात लावू नका,” साहेब म्हणाले. “तीस दिवस राहू द्यावं लागतं. आमच्या खात्याचा नियम होता, कोणालाही सूट नव्हती.”

टाकीत खेकडा मिशा फिरवत होता. मग लेकीने डोळे पुसले, हातातलं खोकं पायाने दाबून चपटं केलं आणि दाराच्या मागे सरकवलं.

“मग तीस दिवस कोणीतरी इथे राहायला हवं,” ती म्हणाली. “तुम्ही गुपचूप काढत नाही ना, ते बघायला.”